आषाढीची महापूजा मुख्यमंत्र्यांनीच का करावी?

नीरक्षीर (धागाकर्ता):
आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा सपत्नीक करतात आणि पाऊस पडो, शेतकरी सुखी होवो, असे साकडे घातल्याचे सांगतात. त्यांच्या श्रद्धेला माझी हरकत नाही. मंत्र्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, अशी दुहेरी मुभा राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीनेच दिली आहे. मात्र ज्या पदावर प्रतिज्ञा करून नास्तिकही बसू शकतो, त्या पदाला पूजेचे कर्तव्य चिकटवणे मला विसंगत वाटते.

टाळकरी:
मुख्यमंत्री तेथे एकटे नसतात; दर्शनरांगेतून निवडलेले मानाचे वारकरी दांपत्य त्यांच्यासोबत पूजेला बसते. शिवाय १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा १९८५ पासून अमलात आला आणि बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही शिक्कामोर्तब केले. देवस्थानाचा कारभार शासनाने नेमलेली समिती पाहत असताना शासनाच्या प्रमुखाने तेवढे गाभाऱ्याबाहेर थांबावे, हा सोवळेपणा अजब आहे.

नीरक्षीर:
कारभार पाहणे हे विश्वस्ताचे काम आहे, यजमानाचे नव्हे. २०१८ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, तरीही मानाच्या वारकऱ्यांच्या हस्ते पूजा यथासांग झाली. म्हणजे मुख्यमंत्र्यांवाचून काही अडत नाही.

सावळा:
श्रद्धा घरात ठेवावी, हा सूर मला पटत नाही. १९४७ च्या मे महिन्यात याच मंदिराची दारे हरिजनांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा त्यांची भक्ती आणि त्यांचे समाजकारण वेगळे काढता आले असते काय? श्रद्धेला सार्वजनिक जीवनातून हद्दपार केले, तर असा माणूसही हद्दपार होईल.

नीरक्षीर:
गुरुजींकडे ना पद होते ना पोलीस बंदोबस्त. त्यांनी स्वतःचा देह पणाला लावला, राज्याचा अधिकार नव्हे. तुलना करायचीच तर १९५१ च्या सोमनाथची करावी. नेहरूंचा विरोध असूनही राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद तेथील प्राणप्रतिष्ठेला गेले, आणि श्रद्धावान माणूस कोठे संपतो व राष्ट्रपती कोठे सुरू होतो, यावर आजही एकमत नाही. (या वादात मी नेहरूंच्या बाजूचा आहे, हे वेगळे सांगायला नकोच.) मुख्यमंत्र्यांनी हवे तेव्हा रांगेतून दर्शन घ्यावे आणि पूजेचा मान केवळ वारकरी दांपत्याला द्यावा.

टाळकरी:
ही योजना कागदावर छान आहे. पण मुख्यमंत्री येणार म्हटल्यावर रस्त्यांचे खड्डे बुजतात, शौचालये उभी राहतात आणि चंद्रभागेच्या घाणीचा विषय थेट त्यांच्यासमोर काढता येतो. पूजेला वारकरी दांपत्यच बसले, तर तो कुणासमोर काढायचा, हेही धागाकर्त्याने सांगावे.