पाळणा कोणी थांबवला? : तीन पिढ्यांचे अनुभव

पायवाट :
जमिनीच्या वारसनोंदीसाठी गेल्या आठवड्यात वंशावळ लिहायला बसलो, तेव्हा आत्याने सांगितले की आजीची नऊ बाळंतपणे झाली आणि त्यांतली पाचच मुले हाती लागली. उरलेल्या चारांपैकी दोघांचे बारसेही झाले नव्हते, त्यामुळे कागदावर लिहायला त्यांची नावेच नाहीत. वडिलांच्या पिढीत प्रत्येकाला तीन-चार मुले, आमच्या पिढीत दोन, आणि माझ्या दोन्ही पुतण्यांना एकेकच. १९५०च्या दशकात भारतात एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत असत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा २.० वर आला आणि महाराष्ट्रात तर १.७ वर. लोकसंख्या दीर्घकाळ आहे तेवढी टिकायची तर तो २.१ असावा लागतो. आकडे सगळीकडे वाचायला मिळतात. मला विचारायचे आहे ते वेगळे : तुमच्या घरात ‘आता पुरे’ हे कोणी ठरवले आणि निभावले कोणी?

आरोग्यसेविका_निवृत्त :
ठरवले कोणीही असो, टेबलावर झोपली ती बाईच. मी उपकेंद्रावर होते त्या काळात प्रत्येकीला वर्षाचे कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे लक्ष्य ठरवून दिलेले असे आणि मार्च जवळ आला की आम्ही वाड्या-वस्त्या पालथ्या घालत असू. दुर्बिणीच्या शिबिरात शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरून बायकांना ओळीने निजवलेले असे, उशाशी तान्हे मांडीवर घेतलेली सासू किंवा आई, आणि नवरेमंडळी बाहेर जीपपाशी विड्या ओढत उभी. १९९६ मध्ये लक्ष्यपद्धत कागदोपत्री बंद झाली. मात्र त्याच्या आधीपासूनच बायका आपणहून येऊन ‘सिस्टर, माझे नाव घाला’ असे सांगू लागल्या होत्या, आणि त्याचे श्रेय मी भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाला देणार नाही. गोवर, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसी घेतलेली दोन लेकरे डोळ्यांसमोर वाढताना दिसली, तेव्हा ‘एखादे गेले तर’ म्हणून आणखी एक असू द्यावे हा हिशेब त्यांनी स्वतःच सोडून दिला. वर पायवाट यांनी सांगितलेल्या सर्वेक्षणातच आणखी एक आकडा आहे : देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांत शस्त्रक्रिया बायकोची झालेली आहे आणि नवऱ्याची फक्त ०.३ टक्क्यांत.

खडूफळा :
सिस्टर, पुरुष मागे हटले त्याला आणीबाणीही कारण आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९७६ साली वरून निरोप आला की प्रत्येक गुरुजींनी नसबंदीच्या ‘केसेस’ आणाव्यात, नाहीतर पगार अडेल. पालकांच्या दारात जाऊन हे सांगण्याची लाज वाटून त्यांनी शेवटी स्वतःचेच नाव दिले. आम्ही तेव्हा तीन भावंडे होतो आणि आई पुढे कित्येक वर्षे ‘आमच्या मास्तरांना सापडलेली एकुलती एक केस’ असे म्हणून हसत असे. त्या एका आर्थिक वर्षात देशभरात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्ती करणारे विधेयकही मंजूर केले होते, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. सक्तीचा तो धसका इतका खोल गेला की नसबंदी म्हणजे पुरुषाची शस्त्रक्रिया हे पुढच्या पिढीच्या ध्यानीमनीही उरले नाही.

गिरगावकर :
आणि र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले ते १९२१ साली! सरकारचा कार्यक्रम त्यानंतर एकतीस वर्षांनी, १९५२ मध्ये आला. १९२७ पासून अखेरपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले आणि त्यात त्यांनी हा प्रश्न सतत स्त्रीच्या इच्छेचा म्हणून मांडला. आमच्या आजोबांनी ते मासिक वाचले असते तर आजीची सात बाळंतपणे टळली असती. अर्थात मग आमचे वडीलही टळले असते, हे मान्य आहे.

एकुलती :
मी नावाप्रमाणेच एकुलती एक, नवराही एकुलता एक. लेकीच्या बारशाला कानात कुर्र करायला आत्या कुठून आणायची हा प्रश्न पडला, तेव्हा शेजारच्या ताईंना मानाची साडी नेसवून पाळण्यापाशी उभे केले. दुसरे मूल हवे का, असे सगळे विचारतात. पाळणाघराचे पैसे, दोघांच्या कामाच्या पाळ्या आणि दोन्हीकडचे थकलेले आईवडील यांचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही.

बालाघाट :
आमच्याकडे ‘दोन पुरे’ याचा अर्थ ‘दोन पुरे, पण त्यांत एक मुलगा’ असाच घेतला गेला. घराचा आकार लहान झाला, मुलाचा आग्रह तसाच राहिला, आणि मधल्या फटीत सोनोग्राफीचे यंत्र शिरले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, तरीही २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्याच वर्षी साताऱ्यात ‘नकोशी’ नावाच्या मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. माझ्या चुलतबहिणीला पहिल्या दोन मुली आहेत. तिसऱ्या वेळी तिला कोणत्या गावी नेले आणि ती रिकामी का परतली, हे घरात कोणी उच्चारत नाही. जन्मदर कमी झाल्याचे कौतुक ऐकले की मला तिची आठवण होते.

मांडवी :
पायवाट यांनी सांगितलेल्या सर्वेक्षणात गोव्यात एका स्त्रीमागे मुलांचा आकडा १.३ होता, म्हणजे तुमच्या महाराष्ट्रापेक्षाही खाली. आमच्याकडे मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, लग्ने तिशीला टेकली. सक्तीची गरजच पडली नाही. बालाघाट, तुमच्या बहिणीसाठी फार वाईट वाटले.

एकुलती :
सिस्टर, एक विचारते. माझा नवरा स्वतःची शस्त्रक्रिया करून घ्यायला तयार आहे, पण सासूबाई म्हणतात की त्याच्या अंगातली ताकद जाईल.

आरोग्यसेविका_निवृत्त :
काहीही जात नाही, हे सासूबाईंना माझ्या वतीने सांगा. बिनटाक्याची शस्त्रक्रिया तेवढ्या जागेपुरती भूल देऊन थोड्या वेळात होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तुमच्या शस्त्रक्रियेपेक्षा ती कितीतरी सोपी आहे. आठवडाभर जड उचलू देऊ नका. परिणाम लगेच होत नाही, म्हणून पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरा आणि वीर्यतपासणीचा अहवाल हाती आल्यावरच निश्चिंत व्हा. शस्त्रक्रियेच्या दिवशी मात्र बाहेर जीपपाशी तुम्ही उभ्या राहा, विडी ओढली नाहीत तरी चालेल.