लिव्हरपूलने बुडवलेलं आधीचं गाव

कापेल केलिन या गावाबद्दल एका पोस्टमध्ये वाचलं की इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी बुडालेलं ते वेल्समधलं पहिलं गाव. ते गाव बुडवणारं १९६५चं धरण गाजलं खरं, ब्रिटिश संसदेत वेल्सच्या एकाही खासदाराने त्या धरणाच्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं नव्हतं. पण त्याआधी ७५-८० वर्षं त्याच लिव्हरपूलने वेल्समधलंच लानुदिन हे गाव बुडवलंय!

नावातला 'लान' म्हणजे चर्चची कुंपणातली जागा, म्हणजे गावाची ओळखच मुळी चर्चवरून. व्हर्नवी नदीवरचं दगडी धरण १८८१ ते १८८८ या काळात बांधलं. ३७ घरं, १० शेतघरं, दोन चॅपल, तीन दारूचे गुत्ते आणि जुनं चर्च, सगळं पाडून मग पाणी सोडलं. कब्रस्तानातले मृतदेहही उकरून नव्या चर्चच्या आवारात नेऊन पुरले. पुनर्वसन मेलेल्यांचंही, आपल्याकडच्या धरणग्रस्तांना हे वाचून काय वाटेल कोण जाणे.

नवं गाव धरणाच्या खालच्या अंगाला वसवलं. लिव्हरपूल तिथून शंभरेक किलोमीटर. कडक उन्हाळ्यात तलाव आटला की जुन्या भिंतींचे दगड अजूनही वर येतात. लोक गाड्या काढून बघायला जातात.