राजांना संत कोणी केलं? पोपने तर नाहीच

धुळाक्षर: 'अँग्लो-सॅक्सन (१०६६ आधीच्या इंग्लंडचे) राजसंत म्हणजे रोमने वाटलेल्या पदव्या, लोकांनी फक्त माना डोलावल्या' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. पोपने रीतसर संत ठरवल्याची पहिली नोंद ९९३ ची, तीही जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या बिशप उलरिकची. इंग्लंडच्या राजांपैकी एडवर्ड द कन्फेसरला तो मान ११६१ मध्ये मिळाला. उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्वाल्ड लढाईत पडला ६४२ मध्ये! तेव्हा संत कसा घडायचा? हाडं काढायची, धुवायची, पेटीत घालून चर्चमध्ये मांडायची, मृत्यूचा दिवस पाळायचा. रोमला विचारतो कोण?

तटबंदी: पोपचं मान्य. पण म्हणून 'लोकांनी घडवलं' होत नाही. ओस्वाल्डची हाडं बार्डनीच्या मठाकडे नेली त्याच्या पुतणीने, राणी ऑस्थ्रिथने. मर्सिया राज्याच्या ज्या पेंडा राजाने ओस्वाल्डला मारलं त्याचीच ती सून. बार्डनीच्या भिक्षूंनी दार लावून घेतलं, कारण हा परक्या मुलखाचा, त्यांच्यावर राज्य लादलेला राजा. गाडी रात्रभर बाहेर उभी. रात्री प्रकाशाचा खांब दिसला, सकाळी तेच भिक्षू विनवण्या करू लागले. हा घराण्याचा हट्ट आहे, लोकभक्ती कुठली?

धुळाक्षर: बार्डनीच्या आधीचं का गाळता? तो जिथे पडला तिथली माती लोक पाण्यात कालवून आजाऱ्यांना पाजत होते, अगदी अंगाऱ्यासारखी. पुरुषभर खोल खड्डा पडला, असं भिक्षू बीड लिहितो. पहिला गुण आला तो एका वाटसरूच्या घोड्याला. घोड्यामागे कुठलं घराणं उभं होतं?

तटबंदी: बीडने लिहिलं ७३१ मध्ये. नव्वद वर्षांत खड्डा किती खोल होतो, ते सांगणाऱ्यावर असतं.

जुनीसनद: दोघेही ओस्वाल्डलाच धरून बसलात. विंचकंब मठाचा संत, मर्सियाचा राजपुत्र केनेल्म बघा. कथेत तो सात वर्षांचा बालराजा. बहीण त्याला मारवते, कबुतर रोममध्ये चिठ्ठी टाकतं. सनदांमध्ये मात्र ८११ पर्यंत तो साक्षीदार आहे, आणि बाप कोएनवुल्फ मेला ८२१ मध्ये. मग बापामागून गादीवर बसलेला सात वर्षांचा केनेल्म आला कुठून? ही कथा मठाने रचली.

रानवारा: 'मठाने रचली' म्हणजे भक्तीही खोटी? वय चुकलं म्हणून थडगं रिकामं होत नाही.

जुनीसनद: मी भक्तीला खोटं म्हटलेलंच नाही. आधी नीट वाचा! एक सनद त्या सगळ्या चरित्राला पुरून उरते, एवढंच म्हणतोय.

तटबंदी: मग शाफ्ट्सबरीच्या मठात पुरलेल्या राजा एडवर्डचं (कन्फेसरचं नव्हे) काय? ९७८ मध्ये कॉर्फला खून, गादी सावत्र भाऊ एथेलरेडला. त्याच एथेलरेडने १००१ मध्ये शाफ्ट्सबरीच्या मठाला ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनची जमीन दिली. १००८ च्या कायद्यात १८ मार्च हा एडवर्डचा सण देशभर पाळायचा हुकूम आहे. हे तरी वरून लादलेलं ना?

धुळाक्षर: हुकूम वरूनच, कबूल. पण खुनाचा फायदा ज्याला झाला, त्यानेच मेलेल्याचा सण का पाळायला लावावा? ९७८ मध्ये एथेलरेड जेमतेम दहा-बारा वर्षांचा, खून त्याने केलेला नाही. तरी भावाचं रक्त त्याच्या गादीला चिकटलं होतं. भक्ती आधीच पसरली नसती, तर त्याने ती आठवण आपणहून जागवली असती का?

तटबंदी: यात दम आहे. बार्डनीचं मात्र मी सोडत नाही.