बारावीचा इतिहास: सनावळ्या खरंच हद्दपार करायच्या?

मोडीखोर:
कालपासून एक पोस्ट फिरतेय: "अकरावी-बारावीच्या इतिहासातून सनावळ्या काढून टाका. तारीख मोबाइलवर दोन सेकंदांत मिळते. मुलांना कारणं आणि परिणाम शिकवा." खाली टाळ्याच टाळ्या.

कारणं-परिणाम लावणार कशावर, हवेत? प्लासीची लढाई 1757, बक्सारची 1764, बंगालची दिवाणी (महसूल वसुलीचा हक्क) 1765. यातला बक्सार निसटला की उत्तरपत्रिकेत क्लाइव्ह प्लासी जिंकतो आणि शाहआलम लगेच त्याला बंगालची दिवाणी देऊन टाकतो. का देतो? मुलाला सांगता येत नाही, मग 'फोडा आणि झोडा' हे ठेवणीतलं वाक्य. बक्सारला बादशहाच हरलेल्या बाजूला होता, म्हणून अलाहाबादेत वर्षाला 26 लाखांच्या बोलीवर दिवाणी लिहून द्यावी लागली.

आणि तो मोबाइल. त्यात 19 फेब्रुवारी 1630 टाका, वार मंगळवार दाखवेल. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडची जुनी सालवार नोंद) शिवाजी महाराजांच्या जन्माचा वार शुक्रवार आहे. चुकलं कोण?

बाकावरून:
ती पोस्ट माझीच, त्यामुळे उत्तर देणं आलं. पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास. पाठांतरवाल्या मुलाला सालबाईचा तह 1782, वसईचा तह 1802 तोंडपाठ असतं आणि मधली वीस वर्षं कोरी. यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, बाजीराव पळाला आणि इंग्रजांच्या ओटीत जाऊन बसला. हे कळायला वसईच्या तहाची '31 डिसेंबर' कशाला लागते?

मोडीखोर:
हडपसर 25 ऑक्टोबर, तह 31 डिसेंबर. फक्त सवादोन महिने! बाजीरावानं किती घाईनं सही केली हे त्या दोन तारखाच सांगतात. तुमचंच उदाहरण आहे हो.

बाकावरून:
बरं, हे एक मान्य. तेवढ्यावर पेढे वाटू नका.

गडवाट:
शुक्रवारच बरोबर. 19 फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कॅलेंडरची तारीख आहे आणि मोबाइल आजची ग्रेगोरियन मोजणी मागे ताणतो. सतराव्या शतकात दोन्हींत 10 दिवसांचा फरक. 10 मिळवा, 1 मार्च 1630 येते, वार शुक्रवार. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं ते थेट 1752 मध्ये, 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर.

तिथीवाला:
म्हणजे 19 फेब्रुवारी चूकच ना? वर्षानुवर्षं हेच ओरडतोय. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. विषय संपला.

गडवाट:
चूक कुठे म्हटलं? मोजणी वेगळी आहे. राज्याभिषेकाची 6 जून 1674 पण ज्युलियनच. आणि तिथीचा एवढा अभिमान, तर आधी वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549 धरून उत्सव व्हायचे तेव्हा कोणती तिथी खरी होती? 1916 साली टिळकांनी जेधे शकावली छापली म्हणून 1551 पुढे आलं. वाद कागदानं सुटतो, घोषणेनं नाही.

तिथीवाला:
घोषणा कोण देतंय? शब्द जपून वापरा.

मांडवीकाठ:
भांडा खुशाल, पण गोव्याला विसरू नका. पोर्तुगालनं 1582 मध्येच नवी मोजणी घेतली. त्यामुळे एकाच दिवशी लिहिलेल्या गोव्याच्या पत्रावर आणि सुरतेच्या इंग्रजी पत्रावर 10 दिवसांचं अंतर दिसतं. मुलगा लिहितो, 'पोर्तुगीजांना बातमी उशिरा कळली.' झालं, नसलेला उशीर इतिहासात घुसला!

याहून वाईट खड्डा इंग्रजी वर्षारंभाचा. त्यांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणून सुरतेच्या पहिल्या लुटीच्या कागदावर 'जानेवारी 1663' असतं, आपण लिहितो जानेवारी 1664. लाल महाल एप्रिल 1663. कागदावरचं साल तसंच उचललं तर सुरत आधी आणि शाहिस्तेखानाची बोटं नंतर.

पाटीपेन्सिल:
धागा भलतीकडेच गेला. बारावीच्या मुलाला ज्युलियन-बिलियन कशाला? शकेत 78 मिळवा, इसवी सन मिळाला. खेळ खल्लास.

गडवाट:
मग पानिपत करा. पौष शुद्ध अष्टमी, शके 1682.

पाटीपेन्सिल:
1760.

मोडीखोर:
😀 जाळ्यात. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, इसवीचं जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबरअखेर 78, जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत 79. 14 जानेवारी 1761.

पेशवेकालीन पत्रांत तर शुहूर सन (तेव्हाची एक वर्षगणना) अरबी शब्दांत असतो, एकक आधी. 'इहिदे सितैन मया व अलफ': एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1161. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारी ते मृग 600. पानिपत जानेवारीतलं, म्हणून 600. शकेवाल्या 1761 शी ताळा जुळला. मुलांना हा ताळा करायला द्या, तारीख आपोआप डोक्यात बसते. घोकायला कोण सांगतंय?

बाकावरून:
हे तुम्ही आत्ता म्हणताय. सुरुवातीला 'सनावळ्या हव्यातच' असा आवेश होता. मी घोकंपट्टीविरुद्ध लिहिलं होतं, ताळ्याविरुद्ध नाही. 'साल सांगा, एक गुण' हा प्रश्न जावा आणि त्याजागी चार घटना विस्कटून 'क्रम लावा, कारण द्या' यावं, एवढं चालेल ना?

मोडीखोर:
चालेल. पोस्टचा मथळा मात्र 'हद्दपार' होता, पुरावा जपून ठेवलाय.

तिथीवाला:
शिवजयंतीचं काय ठरलं?

गडवाट:
त्यासाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो.

बाकावरून:
हे शुहूर प्रकरण जमतंय का बघतो. सालबाई 17 मे 1782. वजा 599, म्हणजे 1183. सलास समानीन मया व अलफ.

मोडीखोर:
मे महिन्यात मृग लागला होता का हो?

बाकावरून:
...वजा 600, 1182. इसन्ने समानीन.