शब्दचर्चा : कोंसुआदच्या ताटाला मराठीत काय म्हणावं?

(लिहिणाऱ्यांची ओळख त्यांच्या गावाच्या नावानं दिली आहे.)

डिचोली (प्रश्न) : गोव्यात नाताळाच्या दिवसांत ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी गोडाधोडाचं जे ताट जातं त्याला कोंसुआद म्हणतात. ग्रंथालयाच्या हस्तलिखितासाठी या ताटातल्या पदार्थांच्या कृती मराठीत लिहून काढायचं काम चालू आहे. कोंसुआदला फराळ म्हणावं, वाण म्हणावं की सरळ भेट? शिवाय घाटावरच्या वाचकाला सोपं जावं म्हणून दोदोलला 'गुळाचा हलवा', दोसला 'चणाडाळीची बर्फी', बिबीकला 'थरांचा केक', नेवरीला 'करंजी' आणि अंगणात टांगतात त्या नखेत्राला 'नक्षत्र' असं लिहायचा विचार आहे. यात काही खटकतं का, जाणकारांनी सांगावं.

फोंडा : आधी ताटाचं बघू. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ २४ डिसेंबरच्या रात्रीचं घरचं जेवण असा आहे. गोव्यात तो जेवणावरून सरकून ताटावर आला. मंगळूरकडे याच गोडाधोडाला कुस्वार म्हणतात. तुम्ही सुचवलेला 'फराळ' शब्द मुळात फलाहार, म्हणजे उपासाचं खाणं, आणि आता दिवाळीचं. पण फराळ घरात खायला केला तरी तो फराळच राहतो. कोंसुआद मात्र दाराबाहेर पडली तरच कोंसुआद. 'वाण' पाठवलं जातं हे खरं, पण वाणामागं व्रत असतं आणि ते सवाष्णीनं सवाष्णीला द्यायचं असतं. इथं ताट घराकडून घराकडे जातं, मग ते घर कोणत्याही धर्माचं असो. चवथीला (गणेशचतुर्थीला) आणि दिवाळीला असंच ताट उलट्या दिशेनं, हिंदू घराकडून ख्रिस्ती घराकडे जातं. म्हणून शब्द तोच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथं 'कोंसुआद, म्हणजे नाताळात घरोघर पाठवायचं गोडाचं ताट' एवढं लिहा आणि पुढं नुसतं कोंसुआद. नाताळ हा शब्द तरी कुठं आपला होता? तोही पोर्तुगीजच, अर्थ 'जन्माचा'. पाव, चावी, बादली, पगार यांच्या पंगतीत तोही बसला आणि आज कुणाला परका वाटत नाही.

मडगाव : फोंड्याशी सहमत. ताटातल्या पदार्थांची नावं बदलण्याला मात्र माझा जास्त विरोध आहे, कारण नाव बदललं की वाचणारा कृतीही बदलतो. सगळ्यांत मोठा धोका दोदोलला.

'हलवा' वाचलं की मराठी हात आधी तुपाच्या डब्याकडे जातो. दोदोलात तूप नसतं. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ, एवढ्यावरच तो उभा आहे. प्रमाण सांगते : १ किलो माडाचा गूळ, २५० ग्रॅम तांदळाचं बारीक पीठ, ४ मोठे नारळ, मूठभर काजू, चिमूटभर मीठ. नारळाचा पहिला दाट रस वेगळा ठेवायचा, दुसरा आणि तिसरा पातळ रस एकत्र करायचा. गूळ या पातळ रसात मंद आंचेवर विरघळवून फडक्यातून गाळायचा. हे टाळू नये, कारण या गुळात बारीक रेव असते आणि ती शेवटपर्यंत दाताखाली येते. पीठ थंड रसात कालवूनच गुळात घालायचं. गरम रसात पीठ टाकलं की गुठळ्या होतात आणि कितीही घोटलं तरी त्या मोडत नाहीत. दाट रस मागाहून घालायचा.

मग दीड ते दोन तास घोटणं, जाड बुडाच्या कढईत, लांब दांड्याच्या लाकडी डावानं. पहिला अर्धा तास काहीच होत नाही असं वाटतं. नंतर ते मिश्रण खिरीसारखं, मग पिठल्यासारखं होतं, आणि नेमकं इथंच हलवा समजणारा माणूस गॅस बंद करतो. असा अर्धवट दोदोल हाताला चिकटतो, सुरीला ओढ देतो आणि तीन-चार दिवसांत आंबतो, कारण आत पाणी राहिलेलं असतं. पुढं घोटत राहिलं की रसातलं पाणी उडून जातं आणि नारळाचं तेल सुटतं. कडेनं तेलाची चकाकी दिसायला लागते, गोळा कढईची कड सोडतो आणि डावाबरोबर एकसंध फिरतो. काजू तेव्हा घालायचे. तेल लावलेल्या बोटांनी चिमूटभर घेऊन वळलं आणि बोटाला लागलं नाही की झाला. हे तेल हेच त्याचं तूप. म्हणून कृतीत 'शिजवणे' नको, 'आटवणे' हवं. बासुंदी आटवतात त्याच अर्थानं.

उसाचा गूळ वापरला तर काळा रंग आणि ती किंचित खारट चव येत नाही. करता येतो, पण तसं स्पष्ट लिहावं.

डिचोली : ताई, आटवणे आणि 'तेल सुटेपर्यंत' हे दोन्ही घेतलं. दोसलाही बर्फी नको का?

मडगाव : नकोच. पण 'दोस' नुसतं लिहिलं तर घाईत वाचणारा डोसा समजेल, म्हणून पहिल्यांदा 'चण्याचं दोस' लिहा. पोर्तुगीजमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'गोड' एवढाच. बर्फी पाकावर ठरते : पाक चुकला तर ती भुसभुशीत तरी होते किंवा दगड तरी. दोसात पाकाचा हिशेब नाही, डाळ किती सुकते यावर सगळं आहे. मराठी वाचकाला त्याच्या ओळखीचंच उदाहरण द्या. पुरण शिजत आलं की त्यात डाव उभा राहतो ना? दोस त्याच्या पुढची पायरी. ५०० ग्रॅम चणाडाळ मऊ शिजवून कट पूर्ण निथळायचा, वाटायची, एका नारळाचं खोबरं बारीक वाटून त्यात घालायचं, ६०० ते ७०० ग्रॅम साखर, मीठ, थोडी वेलची, शेवटी दोन चमचे तूप. डाव उभा राहिल्यावर थांबायचं नाही, गोळा भांडं पूर्ण सोडीपर्यंत ढवळायचं. मग तूप लावलेल्या पाटावर लाटण्यानं सारखं करून गरम असतानाच शंकरपाळ्यासारखं कापायचं. गार झाल्यावर कापलं तर कडा फुटतात. कट नीट निथळला नसेल तर कितीही ढवळा, वड्या दुसऱ्या दिवशी ओल्या होतात.

म्हापसा : बिबीकबद्दल. बेबिंका आणि बिबीक दोन्ही रूढ आहेत. कोकणी बोलण्यात बिबीक, दुकानाच्या पाटीवर बेबिंका. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही बेबिंका या नावानं, तेव्हा शीर्षकात बेबिंका आणि मजकुरात बिबीक चालेल. केक म्हणू नका. केक फुगतो, यात फुगवणारं काही नसतं. केकला चारी बाजूंनी उष्णता लागते, हिला फक्त वरून.

थर हा शब्द मात्र अगदी बरोबर निवडलात. मराठीत पोळीला पदर असतात, चिरोट्याला पापुद्रे असतात, बिबीकला थर. पदर आणि पापुद्रे आपोआप सुटतात, थर एकेक करून चढवावा लागतो. रिवाजानं सात तरी. साधारण प्रमाण : १० अंड्यांचे बलक, ४०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा, ४०० मिलिलिटर नारळाचा दाट रस, अर्धं जायफळ, आणि थरांमध्ये घालायला २०० ग्रॅम तूप. साखर रसात पूर्ण विरघळू द्यायची, बलक फेसायचे नाहीत, नुसते मिसळायचे. फेस केला तर थराला भोकं पडतात. मिश्रण गाळून अर्धा तास ठेवायचं. भांड्यात चमचाभर तूप गरम करून पहिला डावभर थर ओतायचा, वरून तांबूस होईपर्यंत भाजायचा, त्यावर चमचाभर तूप, मग पुढचा थर. ओव्हनमध्ये फक्त वरचं कॉइल चालू ठेवलं तर एका थराला १० ते १५ मिनिटं लागतात. खालचा थर नीट तांबूस व्हायच्या आत वरचा ओतला की दोन्ही मिसळतात आणि कापल्यावर रेघ दिसत नाही. तुपात काटकसर केली तर थर सुटे होत नाहीत. आणि गरम असताना कापायची तर मुळीच नाही. उपडी करून पूर्ण निवू द्या.

चुलीवर करतात तिथं मातीचं भांडं, वर झाकण आणि झाकणावर सोडणांचे, म्हणजे नारळाच्या वरच्या सालीचे, निखारे. इथं मराठीचं धन वापरा. निखारे सोडणांचे असतात, करवंटीचे नाही, कारण करवंटी भडकते. बिबीकला धग हवी, झळ नको. धग सलग लागते, झळ एकदम येऊन चटका देते. 'मंद आचेवर भाजा' लिहिलं तर वाचणारा भांडं गॅसवर ठेवेल आणि खालचा थर करपवेल. 'वरून धग द्या' लिहा.

पेडणे : नावांबद्दल तुम्ही सगळे थोडे कडक होताय, करंजीचंच बघा. नेवरी आणि करंजी यांत आकाराचा, मुरडीचा, तळण्याचा काही फरक नाही. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत करंजी म्हटलं तरी कुणी अडत नाही. चवथीला हिंदू घरांत होते तीही नेवरीच आणि नाताळाला ख्रिस्ती घरांत होते तीही नेवरीच, म्हणून हा शब्द गोव्यात दोन्हीकडचा आहे. तेवढ्यासाठी तो ठेवावा असं मलाही वाटतं. फक्त कंसात करंजी लिहायला हरकत घेऊ नका. व्याकरणाचं सांगतो : मराठी वाक्यात 'नेवऱ्यो तळल्या' असं लिहू नका. नेवऱ्यो हे कोकणी अनेकवचन, मराठीत नेवऱ्या.

सारण ओल्या खोबऱ्याचं असेल तर ते कढईत कोरडं करून, पूर्ण निववूनच भरावं. गरम सारणाची वाफ आत कोंडते आणि नेवरी तेलात फुटते. पारी पाऊणच भरा, कडेला दुधाचं बोट फिरवा, आत हवा राहू देऊ नका. ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या दोन-तीन दिवसांत संपवाव्यात, सुक्या खोबऱ्याच्या दोन आठवडे सहज राहतात. कोंसुआद दूरच्या गावी जायची असेल तर सुक्याच करतात.

फोंडा : ताटातल्या बाकीच्यांना थोडक्यात. कलकल हे नाव आहे तसं ठेवा. शंकरपाळ्याचंच पीठ, पण फणीच्या किंवा काट्याच्या दातांवर दाबून शिंपल्यासारखं गुंडाळलेलं. फणी नवी घ्यावी हे लिहायला विसरू नका. पेराद म्हणजे पेरूची वडी. कोकणीत पेरूला पेर म्हणतात, त्यामुळं शब्द ऐकताच कळतो. पोर्तुगीजमध्ये मात्र तो नासपतीच्या मुरंब्याचा शब्द आहे.

साखळी : नखेत्राकडे कुणी वळलं नाही. हे सगळ्यांत फसवं आहे. कोकणीत नखेत्र म्हणजे तारा. मराठीत नक्षत्र म्हणजे अश्विनी, भरणी. 'अंगणात नक्षत्र टांगा' वाचून मराठी माणूस गोंधळेल. 'चांदणी' लिहा, कारण आकार कळतो. आकाशकंदीलही नको, तो दिवाळीचा आणि बहुधा षट्कोनी.

कृती लिहायची असेल तर बांबूच्या सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या १० कामट्या लागतात. समजा ६० सेंटिमीटरच्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन पाचकोनी चांदण्या बांधायच्या. एक दुसरीवर ठेवून पाचही टोकं एकत्र आवळायची. मग आत जिथं कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी १२ ते १५ सेंटिमीटरचे तुकडे दोन सांगाड्यांच्या मध्ये उभे अडकवायचे. तेव्हा तिला पोट येतं. एखादी कामटी जाड राहिली तर चांदणी एका बाजूला मुरडते आणि मग तुकडा टिकत नाही, सटकतो. कागद पतंगाचा, खळ घट्ट. पातळ खळीनं कागद भिजून झोळ पडतो. एका कोनाची मागची बाजू दिव्यासाठी उघडी ठेवायची. डिसेंबरात पहाटे दंव पडतं, म्हणून चांदणी पागोळीच्या आत, छपराखाली टांगावी, नाहीतर दोन रात्रींत कागद उतरतो.

आणि नाताळात येशूजन्माचा जो देखावा मांडतात त्या गोठ्याला गोठाच म्हणा. कोकणीत गोठो, मराठीत गोठा, भांडणच नाही. त्यात हिरवळ म्हणून नाचणी पेरतात. नवरात्रातली रुजवण माहीत असलेल्यांना हे लगेच समजेल, फक्त एक फरक सांगा : रुजवण अंधारात पिवळी वाढवतात, गोठ्यातली हिरवी हवी. म्हणून कोंब दिसताच परात उजेडात आणायची. दहा-बारा दिवस आधी पेरली तर नाताळापर्यंत बोटभर होते.

डिचोली : सगळ्यांचे आभार. चांदणी घेतली, नेवरीसमोर कंसात करंजी घेतली. शेवटची शंका. दोदोलच्या कृतीखाली एकीनं 'थंडीत वर पांढरं येतं, ते काढून टाकावं' असं लिहून दिलं आहे. ते बुरशीबद्दल आहे का?

मडगाव : बरं झालं विचारलंत, हे छापलं असतं तर कितीतरी चांगला दोदोल उकिरड्यावर गेला असता. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं आणि गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा २० अंशांच्या आसपास उतरतो. दोदोलच्या अंगातलं तेल पहाटे वर पांढरं दिसतं ते असंच. क्रियापद 'थिजणे' वापरा. गोठतं ते पाणी; तूप आणि खोबरेल मात्र थिजतं. ओळखायची रीत अशी : बोट टेकवून थोडं थांबायचं. थिजलेलं तेल बोटाच्या उबेनं वितळून चकाकतं. बुरशी वितळत नाही, बोटाला मऊ केसासारखी लागते आणि आंबूस वास येतो. तेल असेल तर ताट तसंच चुलीजवळ ठेवा, दुपारपर्यंत पुन्हा काळंभोर दिसेल.