जूनमध्ये फिनलंडच्या तळ्यांतून सायकल: साइमाच्या रस्त्यांचा कुणाला अनुभव आहे का? (सोलापूरच्या सायकलवाल्यांची चर्चा; प्रत्येकाच्या नावाऐवजी त्याच्या वस्तीचं नाव)

विजापूर रोड

नमस्कार मंडळी. माझी भाची फिनलंडमध्ये लाप्पेनरांताला शिकते. गेली दोन वर्षं ती बोलावते आहे, आणि या जूनमध्ये बँकेतून तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. त्यातले पाच-सहा दिवस मला साइमा तळ्याच्या भागात सायकल चालवायची आहे. भाची सोबत नसेल, तिची परीक्षा आहे.

माझं वय ४६. दर रविवारी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाते आणि महिन्यातून एकदा तुळजापूर करते. एका दिवसात पंढरपूर जाऊन-येऊन दोनदा झालं आहे. म्हणजे अंतराची भीती नाही. पण नकाशा उघडला की जीव दडपतो. जमीन कमी आणि पाणीच जास्त दिसतं, रस्ता बेटाबेटांवरून उड्या मारत जातो. आपल्याकडे रस्ता म्हणजे सरळ पट्टी. दहा किलोमीटर पुढचं झाडसुद्धा दिसतं.

विचारायचं असं: चढ किती आहेत? सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? मी शाकाहारी आहे, वाटेत काय मिळेल? आणि एकट्या बाईने जंगलातून जावं का?

सात रस्ता

ताई, जरूर जा. मी नोकरीनिमित्त तिथे होतो तेव्हा दोन उन्हाळे याच भागात सायकल चालवली. अजून झोपेत तो रस्ता दिसतो.

चढांचं आधी सांगतो, कारण तिथे माझा अंदाज सपशेल चुकला होता. तिथे डोंगर नाहीत, आपल्या तुळजापूरच्या घाटाएवढाही सलग चढ मला लागला नाही. तरी पहिल्या संध्याकाळी माझ्या मांड्या भरून आल्या. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. हिमयुगात त्या भागावरून बर्फ वायव्येकडून आग्नेयेकडे सरकला आणि जमीन त्याच दिशेने खरवडत गेला. तळी, बेटं, टेकाडं, सगळं त्याच रेषेत लांबट पडलं आहे. नांगरलेलं रान डोळ्यांसमोर आणा. तासातासाने, म्हणजे नांगराच्या सरीसरीने चाललं तर पाय सरळ पडतो, आडवं चाललं की प्रत्येक पावलाला ढेकूळ. सायकलचंही तसंच. रस्ता त्या रेषेने जात असेल तर चाक आपोआप पळतं, आडवा जात असेल तर दिवसभर वीस-तीस मीटर वर, वीस-तीस मीटर खाली. एकेक चढ चिमुकला, पण शंभर वेळा. नकाशावर मुक्काम ठरवताना किलोमीटर नंतर मोजा, आधी दिशा बघा. आडव्या दिवशी ६० किलोमीटर म्हणजे आपले ९० समजा.

तासाच्या बाजूचा सगळ्यात सुंदर रस्ता पुंकाहार्यूचा. सावोनलिन्ना गावापासून साधारण ३० किलोमीटर. हार्यू म्हणजे वाळू-गोट्यांचा लांबच लांब बांध. बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने आणून टाकलेला गाळ बर्फ वितळल्यावर तसाच उभा राहिला. सुमारे सात किलोमीटर लांब, आणि काही ठिकाणी इतका अरुंद की जुन्या रस्त्यावरून जाताना डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, मधे पाईनची सरळसोट लालसर खोडं. मी संध्याकाळी साडेनऊला तिथे पोचलो. ऊन खोडांवर तिरपं पडलं होतं आणि रस्त्यावर उजेड-सावलीचे पट्टे, अगदी आपल्या सोलापुरी चादरीवर असतात तसे. मी उतरलो आणि तो बांध चालत पार केला. सायकलवर बसून संपवावासा वाटला नाही.

पूमाला गावाचा वर्तुळाकार रस्ता चुकवू नका. सुमारे ६० किलोमीटर आहे, मधे दोनदा पाणी ओलांडायचं. हॅतिनविर्ताची पिवळी फेरीबोट रस्त्याचाच भाग धरली जाते, तिथे पैसे घेत नाहीत. दुसरी बोट सायकलवाल्यांची, उन्हाळ्यापुरती, तिचं तिकीट असतं आणि वेळाही ठरलेल्या. त्या आदल्या दिवशी बघून ठेवा.

सायकल भाड्याने घेतलीत तर पहिले दहा मिनिटं मोकळ्या जागेत ब्रेक दाबून बघा. तिकडे पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. घाबरून हात आवळला जातो तेव्हा डोकं चालत नाही, सवयच चालते. वाहतूकही उजवीकडून, म्हणून आरसा डाव्या हँडलला लावा.

टायर ३२ मिलीमीटर रुंदीच्या खाली नको. मी पहिल्या उन्हाळ्यात २५ चे घेऊन गेलो होतो. डांबरी रस्ता उत्तम आहे, पण तळ्याकाठच्या घरांकडे जाणारे फाटे खडीचे. अशाच एका फाट्यावर टायरची बाजू बोटभर फाटली आणि ट्यूब फोडासारखी बाहेर आली. जवळ दुधाचं रिकामं खोकं होतं. त्याचा चौकोनी तुकडा कापून टायरच्या आतून लावला, हवा कमी भरली आणि २३ किलोमीटर तसाच गेलो. तेव्हापासून खोक्याचा तुकडा पंक्चरच्या डबीत कायम असतो.

एकटेपणाचं म्हणाल तर मला माणसाची भीती कधी वाटली नाही. जपायचं ते एल्कला, तिथल्या भाषेत हिर्वी. घोड्याएवढा प्राणी, पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतो. त्याच्या चित्राची पिवळी पाटी दिसली की उतारावर वेग कमी ठेवा.

बाळीवेस

ताई, सायकल दुरुस्तीचं माझं काम आहे म्हणून तेवढंच सांगतो. सहा दिवसांसाठी इथून न्यायची खटपट करू नका. तरी न्यायचीच असेल तर दुकानातून नव्या सायकलचं पुठ्ठ्याचं खोकं मागून घ्या, आम्ही ते असेच देतो. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) खोलून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. प्रवासात सगळ्यात आधी वाकतो तो त्याचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, आणि तुमच्या मॉडेलचा हँगर परगावी मिळेलच असं नाही. ५०० रुपयांच्या आत येतो तो बहुतेक, एक जादा ठेवा. पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात असू द्या. रोज कुणी ना कुणी ते उलटं पिळून आणतं.

आपली सीट मात्र न्या. भाड्याच्या सायकलवर ती बसवायला पाच मिनिटं लागतात, आणि सहा दिवस सुखाचे जातात.

नान्नज रोड

मी माळढोक बघत मोठा झालो. आता तो नजरेस पडणंच मुश्किल झालंय, म्हणून हे लिहितो आहे. साइमात सील या पाण्यातल्या प्राण्याची एक जात आहे, फक्त त्याच तळ्यात. हिमयुगानंतर जमीन वर आली, समुद्राची वाट बंद झाली आणि ते गोड्या पाण्यात कोंडले गेले. आज जेमतेम चारपाचशे उरलेत. कातळावर ऊन खात पडलेला दिसला तर जवळ जाऊ नका, लांबूनच दुर्बिणीतून बघा.

जमीन अजूनही वर येतेच आहे. दोन किलोमीटरहून जाड बर्फाचं ओझं हललं, आणि गादीवरून माणूस उठल्यावर खोलगा हळूहळू भरतो तसं चाललं आहे. वायव्येची बाजू जास्त वेगाने उचलते, त्यामुळे सगळं तळं आग्नेयेकडे कलत गेलं. सुमारे ६००० वर्षांपूर्वी पाण्याने तिथला बांध फोडला आणि वुओक्सी नदी जन्माला आली. इमात्राला त्या नदीचा धबधबा बघा, लाप्पेनरांतापासून साधारण ४० किलोमीटरवर. एरवी पाणी वीजकेंद्राकडे वळवलेलं असतं, उन्हाळ्यात ठरलेल्या वेळी दारं उघडतात. आधी नुसता कोरडा कातळ, आणि मग आवाज.

सात रस्ता

खाण्याचं राहिलंच. सावोनलिन्नाच्या बाजारचौकात ल्योर्त्सी मिळते, मोठ्या करंजीसारखी तळलेली. मांसाची असते तशी सफरचंदाचीही, मागताना नीट सांगा. राईच्या पारीत भाताची खीर भरलेली कारेलियन पारी सगळीकडे मिळते. वर लोण्यात अंडं कालवून लावतात, ते नको असेल तर बाजूला ठेवायला सांगा. जूनच्या २० ते २६ मधल्या शनिवारी त्यांचा मोठा सण, युहान्नुस. गावं ओस पडतात, सगळे तळ्याकाठच्या घरी. त्या दोन दिवसांचं खाणं आधीच घेऊन ठेवा. आणि रेल्वेत सायकलची जागा तिकिटासोबतच राखून ठेवा, सावोनलिन्नाला जाताना परिक्कालाला गाडी बदलावी लागते.

विजापूर रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. सायकल तिथेच घेते, सीट इथून नेते. दादा, तुमच्या नांगराच्या तासाच्या हिशेबाने काल नकाशा पुन्हा मांडला. पूमालाला दोन दिवस, पुंकाहार्यूसाठी अख्खी संध्याकाळ, आणि इमात्रा शेवटी, भाचीची परीक्षा संपली की तिच्यासोबत.

दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत म्हणून पेढे रद्द. पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतेच आहे, सणाचे दोन दिवस त्यावर निघतील. रविवारी हिप्परग्याला आरसा डावीकडे लावून गेले होते. अर्ध्या वाटेपर्यंत उजवीकडेच बघत होते. अजून चार रविवार हातात आहेत.

एकच राहिलं: पावसात हातमोजे कसले घालता? आपल्याकडे पावसात हात गारठायची वेळच आली नाही कधी.

सात रस्ता

लोकरीचे पातळ, वरून भांडी घासायचे रबरी मोजे एक नंबर मोठे. जूनमध्येही पाऊस लागला की पारा दहाच्या आसपास येतो. गिअर बदलताना बोटं ऐकली पाहिजेत.