नवा लेपर्ड गेको खात नसेल, तर थांबावे की भरवावे?

धागाकर्ती

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलाच्या हट्टामुळे ११ दिवसांपूर्वी साधारण पाच महिन्यांचा लेपर्ड गेको (ठिपकेदार पाळीव पाल) घरी आणला आणि तेव्हापासून त्याने एकही किडा खाल्लेला नाही. रोज सहा-सात रातकिडे टाकीत सोडतो. तो त्यांच्याकडे पाहतो आणि लपणात परत जातो. आणला त्या दिवशी वजन २४ ग्रॅम होते, काल २३ भरले. दुकानदाराने पातळ खाद्य सिरिंजने भरवा, असे सांगितले. ओळखीचे एक गृहस्थ मात्र महिनाभर हातही लावू नका म्हणतात. माझे मत भरवण्याच्या बाजूचे आहे. जो जीव आपण काचेच्या पेटीत ठेवला आहे, त्याला स्वतः अन्न शोधायला जाता येत नाही. अशा वेळी नुसते पाहत बसणे मला निष्काळजीपणाचे वाटते.

प्रतिसाद १

ताई, तुमची तळमळ समजते, पण सिरिंज कृपया बाजूला ठेवा. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ भागांतला हा प्राणी शेपटीत चरबी साठवतो ती अशाच उपाशी दिवसांसाठी. जागा बदलल्यावर एक-दोन आठवडे न खाणे हे त्याच्या बाबतीत नेहमीचेच आहे. जबरदस्तीने जबडा उघडताना इजा होते, पातळ खाद्य श्वासनलिकेत जाऊ शकते आणि घाबरलेला गेको शेपूटच टाकून देतो, म्हणजे ज्या साठ्यावर तो तगून आहे तोच साठा जातो.

भरवण्याआधी उष्णता तपासा. याला अन्न पचवायला पोटाखालून ऊब लागते; उबदार बाजूच्या जमिनीचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूचे २४ ते २६ हवे. थंड पोटात गेलेला किडा पचत नाही, तेथेच कुजू लागतो आणि प्राणी तो ओकतो. त्यामुळे थंडावलेल्या गेकोला भरवणे हे उपाशी ठेवण्यापेक्षाही वाईट.

प्रतिसाद २

‘थांबा’ हा सल्ला मीही ऐकला होता आणि त्याची किंमत माझ्या गेकोने मोजली. पाच आठवडे मी ताण, कात, हवामान अशी कारणे शोधत राहिले. शेवटी पशुवैद्यांनी विष्ठा तपासली तेव्हा आतड्यात परजीवींचा सुळसुळाट निघाला. तोवर शेपूट पेन्सिलीएवढी झाली होती. धडधाकट प्रौढ गेको काही आठवडे सहज काढतो हे खरे, पण पाच महिन्यांच्या वाढत्या पिल्लाला तोच हिशेब लावणे मला मान्य नाही. त्यातही क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असेल तर त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि तो घरातल्या दुसऱ्या गेकोलाही लागू शकतो. घरी सिरिंज वापरण्याला माझाही विरोध आहे. परंतु दोन आठवडे झाले की पशुवैद्य गाठावा, महिन्याची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. न खाणारा प्राणी पुढे विष्ठाही टाकेनासा होतो आणि मग तपासायला काही उरत नाही. म्हणून आता जी पडेल ती लगेच झाकणाच्या डबीत घेऊन ताजी असतानाच तपासायला द्या.

धागाकर्ती

तापमापक काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला होता आणि तो ३० दाखवत होता. आज वेगळा तापमापक जमिनीवर ठेवला तर उबदार बाजूला फक्त २६ भरले. लपणही एकच आहे, आणि तेही थंड बाजूला.

प्रतिसाद ३

मग त्याच्यापुढे ऊब आणि आडोसा यांतून एकच निवडायचे होते आणि भेदरलेला प्राणी आडोसाच निवडणार. उबदार बाजूला दुसरे लपण ठेवा आणि कात सुटण्यासाठी ओलसर शेवाळाचे तिसरे. टाकीची गरम चटई थर्मोस्टॅटवरच (तापमान ठरलेल्या अंशावर राखणाऱ्या उपकरणावर) चालवा, नाहीतर पोट भाजेल.

रातकिड्यांबद्दल मला दोन्ही प्रतिसादांपेक्षा वेगळे सांगायचे आहे. सहा-सात रातकिडे रात्रभर मोकळे सोडणे हेच कदाचित त्याच्या भीतीचे कारण असेल. भुकेले रातकिडे झोपलेल्या गेकोला चावतात. हा प्राणी तिन्हीसांजेला आणि पहाटे हिंडतो, म्हणून दिवे मंद झाल्यावर एकच किडा चिमट्यात धरून हळू हलवा किंवा गुळगुळीत काठाच्या वाटीत दोन-तीन मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) ठेवा. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा, त्याला आदल्या दिवशी भाजीपाला खाऊ घाललेला असावा आणि वर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. चरबीयुक्त वॅक्सवर्मचे (पतंगाच्या अळ्यांचे) आमिष मात्र दाखवू नका. त्याची चटक लागली की पुढे दुसरे काही खायला तो तयार होत नाही.

प्रतिसाद १

वॅक्सवर्मबाबत असहमत. रोजचे खाद्य म्हणून ते वाईटच, पण पहिला घास पोटात जावा म्हणून एक-दोन दिले तर बिघडत नाही. पशुवैद्यांबाबतही घाई नको, असे मला अजून वाटते: आजारी नसलेल्या प्राण्याला गाडीत घालून नेणे हा दुसरा स्थलांतराचा धक्काच आहे. दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजा. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे अडीच ग्रॅम घट झाली, तर मात्र त्याच दिवशी निघा.

प्रतिसाद २

दहा टक्क्यांची सीमा मला मान्य आहे. मात्र विष्ठा पातळ दिसली, तो ओकला किंवा शेपूट बारीक वाटू लागली, तर वजनकाटा काहीही सांगो, थांबू नका. विष्ठा तपासायला प्राण्याला न्यावेच लागते असे नाही, डबी पोहोचवली तरी पुष्कळ ठिकाणी चालते. त्यामुळे धक्क्याचे कारण पुढे करून तपासणी टाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

धागाकर्ती

सिरिंज परत केली. थर्मोस्टॅट बसवल्यावर जमीन आता ३२ अंशांवर स्थिर आहे, सगळे रातकिडे बाहेर काढले आणि टाकीच्या तीन बाजूंना कागद लावला. मुलाने आठवडाभर हात न लावण्याचे कबूल केले आहे. आज सायंकाळी गेको पहिल्यांदाच उबदार लपणात पोट टेकून पसरलेला दिसला. मीलवर्म अजून तसेच आहेत. रविवारी पुन्हा वजन करणार आहे आणि डबी धुऊन टाकीशेजारीच ठेवली आहे.